बाबांच्या ताटातली चिमूट

नेस, ३ मार्च

टॉर्कल,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू हे फाडलं नसशील, तर पुढे वाच. मी तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा तुझ्या बायकोने उचलला आणि "चुकीचा नंबर लागलाय" म्हणून ठेवून दिला. तिचा आवाज मला कळतो. तिला दोष देत नाही.

कामाचं आहे ते सांगते. बाबांच्या मूत्रपिंडांत ज्या पाण्याच्या गाठी होत्या, त्या माझ्याही निघाल्या. हिवाळ्यात पाय सुजायला लागले, तेव्हा स्टॉर्नोवेच्या इस्पितळात पोटाची सोनोग्राफी केली. हा आजार रक्तातून येतो. बापाला असला तर प्रत्येक मुलाला असण्याची शक्यता निम्मी. म्हणून डॉक्टरांनी तुलाही तपासून घ्यायला सांगितलंय. अॅबर्डीनमध्ये तुझ्या घरापासून इस्पितळ काही लांब नाही. एका सकाळचं काम आहे, दुखत नाही. तू चोपन्न वर्षांचा झालास. थांबू नकोस.

माझी मूत्रपिंडं आता आठवा हिस्सासुद्धा काम करत नाहीत. बाबांचं पथ्य मला लागलं आहे. मीठ बंद, बटाटा दोन पाण्यांतून काढलेला, दूध मोजून. त्याच टेबलावर, त्यांच्याच खुर्चीत बसून जेवते, कारण तिथून समुद्र दिसतो.

सहा वर्षं झाली. त्या सप्टेंबरात जे घडलं त्याबद्दल माझ्या मनात आता काही नाही. मी तुला केव्हाच माफ केलं आहे, आणि तूही मनात काही ठेवू नकोस. उरलोय आपण दोघंच.

तपासणी झाली की दोन ओळी टाक.

मर्डिना


नेस, २८ मार्च

टॉर्कल,

तुझं काही आलं नाही. पोस्टवाल्या डोनीला आता माझी कीव यायला लागली आहे. फाटकाशीच हात हलवतो, म्हणजे मला दारापर्यंत यायला नको.

इथे सांगण्यासारखं काही घडत नाही. स्वयंपाकाचं सांगते. दिवसभर तेच करते.

मीठ सोडलं की पहिले तीन आठवडे तोंडात लोकर धरल्यासारखं वाटतं. त्यानंतर जीभ हळूहळू जागी होते. गाजर गोड लागतं हे मला अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं. युक्ती अशी की मिठाची जागा एकट्या कशाने भरत नाही, चारपाच गोष्टींनी मिळून भरावी लागते. कांदा मंद आचेवर अर्धा तास परतायचा, पार तपकिरी होऊन तळाला चिकटेपर्यंत, मग तिथे व्हिनेगरचा चमचा मारायचा आणि खरवडून घ्यायचं. ओटचं पीठ कोरडं भाजायचं, त्यात मोहरीची पूड आणि खलबत्त्यात जाडसर कुटलेली मिरी घालायची, आणि ताजं हेरिंग त्यात घोळवून तव्यावर टाकायचं. कोबीवर जायफळ. जवाच्या सूपमध्ये तमालपत्र आणि थाइम, आणि भांडं उतरवल्यावर लिंबाची साल किसून, आधी नाही, नाहीतर कडू होते. पाव घरचा, शहाजिरं घातलेला, कारण मीठ सगळ्यात जास्त लपलेलं असतं ते दुकानातल्या पावात.

हे सगळं मी बाबांसाठी शिकले. तू तेव्हा समुद्रातल्या तेलाच्या फलाटावर होतास, तुला त्यातलं काही माहीत नाही. पहिला महिना त्यांनी माझा जीव नकोसा केला. मी ताट पुढे ठेवायची आणि ते काट्याने उलटंपालटं करत बसायचे.

"मर्डिना, हे काय आहे?"

"मासा आहे, बाबा."

"मेलाय तो कळतंय. कशाने मेला? कंटाळून?"

एकदा म्हणाले, "हे मेंढीला घाल आणि बघ. तीसुद्धा आमदाराला पत्र लिहील." मला हसू यायचं, पण ते खात नव्हते. जूनच्या शेवटी त्यांचं वजन नऊ किलो उतरलं होतं. मागावर बसले की पायटं दाबायला जोर राहिला नव्हता. अर्धवट विणलेलं कापड तसंच मागावर ताणलेलं राहिलं, आणि ते शेडमध्ये जाऊन नुसते त्याच्याकडे बघत बसायचे.

जुलैपासून मात्र खायला लागले. दोन महिने नीट जेवले. मला जमलं होतं, टॉर्कल. वरून बारीकशी चिमूट कशाची टाकायची ते मला सापडलं होतं. ते दुसऱ्यांदा वाढून मागायचे. केनाग आत्या आली की तिला सांगायचे, "बहिणी, तुझ्यापेक्षा माझ्या मुलीच्या हाताला चव आहे," आणि आत्या फुरंगटून बसायची.

मग तू गूगा घेऊन आलास, समुद्रपक्ष्याचं ते मिठात मुरवलेलं पिल्लू. तो शनिवार मी कुणालाच विसरू दिला नाही, हे मला मान्य आहे. मी त्या दिवशी आत्याकडे गेले होते, घरी असते तर तुला रोखलं असतं.

तपासणी केलीस का?

मर्डिना


नेस, १९ एप्रिल

टॉर्कल,

हे पत्र मी तीनदा लिहायला घेतलं. या वेळी पूर्ण करणार आहे.

मंगळवारी मार्सली आली होती, इस्पितळातली पथ्याची बाई. बाबांच्या वेळी येत होती तीच. आता केस पांढरे झालेत, गुडघा धरून पायऱ्या चढते. मी तिला तपकिरी कांद्याचं सूप दिलं. तिने चाखलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "तू हे लिहून दे मला, मी इतरांना देईन." नंतर वही उघडून नेहमीचे प्रश्न विचारायला लागली. सोडा, सूपच्या वड्या, डबाबंद मटार. शेवटी तिने विचारलं, "आणि मिठाऐवजी मिळतं ते कमी सोडियमचं मीठ, ते घरात नाही ना? त्यात पोटॅशियम असतं. तुझ्यासारखीला ते विष आहे."

मी उठून नळ सोडला आणि उगीच कप धूत राहिले. सहा वर्षांपूर्वी, ऑगस्टमध्ये, त्याच टेबलापाशी तिने मला अगदी हाच प्रश्न विचारला होता. बाबांच्या रक्तातलं पोटॅशियम वाढत चाललं होतं आणि तिला कारण सापडत नव्हतं. मी तेव्हा "नाही" म्हटलं होतं. बाबा खुर्चीतून म्हणाले होते, "बाई, माझी मुलगी नियम मोडणाऱ्यांतली नाही. दुसरीकडे शोधा." आणि तिने वहीत काट मारली होती.

ते मीठ पिठाच्या डब्यामागे होतं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी ते दुकानात बघितलं. पुड्यावर हृदयाचं चित्र होतं आणि "सोडियम सत्तर टक्के कमी" असं लिहिलं होतं. हे घ्यायचं नाही हे मला माहीत होतं. मार्सलीने दिलेल्या कागदावर ते ठळक अक्षरांत होतं, आणि तो कागद मीच फडताळाच्या दारावर चिकटवला होता. पण त्या सकाळी बाबा लापशीचा वाडगा ढकलून म्हणाले होते, "मला उपाशी मरू दे, पण हे नको." मी मनाशी म्हटलं, एक चिमूट. त्या दिवशी ते ताट पुसून जेवले आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. तसं त्यांनी माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं, टॉर्कल. तसं ते तुझ्याकडे बघायचे, तू बोटीवरून उतरायचास तेव्हा. मग एका चिमटीच्या दोन झाल्या, पुढे चमचा झाला. सात आठवड्यांत दुसरा पुडा उघडला.

म्हणजे तुझ्या गूग्याने बाबा गेले नाहीत. ते मिठात मुरवलेलं पिल्लू एका दिवसात माणूस मारत नाही. डॉक्टरांनी मला, बाबा गेले त्या सोमवारीच, सांगितलं होतं की रक्तातल्या पोटॅशियमने हृदय थांबलं. मी ते कुणाला सांगितलं नाही. घरात साठ माणसं जमली होती, आणि आत्या विचारत होती की शुक्रवारपर्यंत चालताबोलता माणूस असा कसा गेला. मी तुझ्याकडे बोट केलं आणि म्हटलं, "याला विचारा, यानेच खाऊ घातलं."

दुसरं, मी त्या शनिवारी आत्याकडे नव्हते. घरात होते. तुला ते माहीतच आहे, तरी मी मागच्या पत्रात तसं लिहिलं. इतकी वर्षं तेच सांगत आल्यामुळे हात आपोआप लिहून गेला. गूग्याचं पाणी तीनदा बदललं ते मी. बटाटे सालासकट उकडले ते मी, कारण गूग्याबरोबर तसेच खातात. तू मला दारात थांबवून विचारलं होतंस, "मर्डिना, चालेल ना त्यांना? नाहीतर मी सांगतो, बंदरावर संपला म्हणून." मी म्हटलं होतं, "खाऊ दे रे. वर्षातून एकदा."

आणि दफनाच्या दिवशी शवपेटीच्या उशाची दोरी, जी मुलाने धरायची असते, ती चुलतभाऊ इयनला द्या असं मीच सांगितलं. तू पायाकडची शेवटची दोरी धरून उभा होतास असं मला नंतर कळलं. आम्ही बायका घरातच होतो. तू त्याच दुपारच्या बोटीने गेलास, हातही न धुता.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की तुला माफ केलं. ते वाचताना तुला काय झालं असेल ते मी आता समजू शकते.

मर्डिना


नेस, ११ मे

टॉर्कल,

तुझं पत्र मिळालं. डोनी फाटक उघडून आत आला आणि माझ्या हातात देऊन गेला.

पाच ओळी लिहिल्यास. तुझ्यात गाठी नाहीत. वाचल्यावर मी खुर्चीत बसले आणि देवाचे आभार मानले. ते तुला खरं वाटो न वाटो. पुढच्या ओळीतल्या "तुला माझं मूत्रपिंड हवं म्हणून हे सगळं लिहिलंस का?" या प्रश्नाला मी खरं उत्तर देणार आहे.

पहिलं पत्र लिहिलं तेव्हा, हो. फेब्रुवारीत डॉक्टरांनी विचारलं होतं, "भाऊ, बहीण कुणी?" मी म्हटलं, एक भाऊ आहे. ते म्हणाले, त्याच्यात आजार नसला तर तो देऊ शकेल. घरी येताना बसमध्ये मी सगळी जुळवाजुळव केली. आधी तपासणीबद्दल लिहायचं, मग जरा मायेने, मग घरच्या जुन्या गोष्टी. माफ केलं असं लिहायचं, म्हणजे तू ओशाळशील. दुसरं पत्रही त्याच हिशेबाने लिहिलं. हेरिंग आणि जायफळ, सगळं. तिसरं पत्र मात्र तसं नव्हतं. मार्सली गेल्यावर मला कळलं की तुझं मूत्रपिंड माझ्या पोटात घालून मी पुन्हा त्याच टेबलाशी बसेन आणि केनाग आत्या तुला मरेपर्यंत शिव्या देत राहील. ते मला नको झालं. यावर विश्वास ठेव असं मी म्हणणार नाही.

देणार नाहीस असं तू लिहिलंस. बरोबर आहे. मी डॉक्टरांना सांगितलं आहे की भाऊ देणार नाही, त्याला पुन्हा कुणी विचारू नये. माझं नाव यादीत घातलंय.

राहिली शेवटची ओळ. "मला लिहून काय उपयोग. जिथे बोललीस तिथे बोल." ती मी रोज वाचते.

लोकांना कसं सांगायचं हे मला सुचत नाही. दारोदार जाऊन सांगू? जूनच्या पहिल्या आठवड्यात चर्चमध्ये प्रभुभोजनाचे दिवस आहेत. आत्याच्या घरी नेहमीसारखे पाहुणे उतरतील. त्या दिवशी जे स्वयंपाकघरात होते, त्यांतले बहुतेक तिथे असतील.

मर्डिना


नेस, ९ जून

टॉर्कल,

आत्या तुझ्याशी बोलली आहे, म्हणजे तुला थोडं कळलेलं आहे. माझ्या बाजूने जे घडलं ते लिहिते, म्हणजे कुणी वाढवून सांगितलं तर तुझ्याजवळ खरं असेल.

शनिवारी दुपारी आत्याकडे चौदा माणसं जेवायला होती. इयन आणि त्याची बायको, चर्चमधला फिनले, खालच्या वाडीतल्या दोघी बहिणी, हॅरिसहून आलेले पाहुणे. आत्या पंच्याऐंशीची आहे, तरी सूप तिनेच वाढलं. फिनलेने प्रार्थना म्हटली. माझ्यासाठी आत्याने वेगळा वाडगा काढला होता, अळणी, आणि वर म्हणाली, "हिचं बघा. बापाची सेवा केली आणि बापाचाच रोग घेतला. आणि तो दुसरा तिकडे मजेत."

मी उभी राहिले. खुर्चीची पाठ धरली. म्हटलं, "आत्या, टॉर्कलने बाबांना मारलं नाही. मी मारलं." मग पुड्याचं सांगितलं, मार्सलीला खोटं बोलल्याचं सांगितलं, दोरीचं सांगितलं. आवाज चढवला नाही, रडले नाही. हॅरिसच्या पाहुण्यांना काय चाललंय ते कळेना, त्यांनी चमचे खाली ठेवले.

इयन म्हणाला, "मर्डिना, तुझी तब्येत बरी नाही. बस खाली."

"माझी तब्येत बरी नाही, पण डोकं ठीक आहे," मी म्हटलं.

मग आत्याने विचारलं, "डॉक्टरांना कसं कळलं नाही? माझ्या भावाचं, केनेथचं रक्त तर दर महिन्याला बघत होते."

हे मी तुलाही लिहिलेलं नव्हतं, टॉर्कल. तिसऱ्या पत्रात लिहायचं ठरवलं होतं आणि पान संपल्याचं निमित्त केलं. आत्यासमोर सांगितलं, आता तुला सांगते.

डॉक्टरांना कळलं होतं. शुक्रवारी सकाळी बाबांचं रक्त घेतलं आणि दुपारी तीन वाजता इस्पितळातून फोन आला. नर्स म्हणाली, आकडा फार वर गेलाय, त्यांना आत्ताच घेऊन या. मी म्हटलं, आणते. फोन ठेवला आणि आधी पुड्यातलं उरलेलं मीठ मोरीत ओतून नळ सोडला. बाबा खिडकीशी बसून तुझ्या बोटीची वेळ मोजत होते. त्यांना नेलं असतं तर तिथे पहिला प्रश्न तोच झाला असता, घरात काय खातात. मी त्यांना नेलं नाही. सोमवारी नेऊ असं मनाशी ठरवलं. दोन दिवसांत आकडा उतरेल, कुणाला कळणार नाही. शनिवारी आपण जेवत असताना फोन दोनदा वाजला, आठवतंय? तू विचारलंस, "कोण आहे?" मी म्हटलं, "काहीतरी विकणारे असतील." आणि वायर काढून ठेवली.

शनिवारी संध्याकाळी बाबा म्हणाले की हातपाय जड झालेत. मी म्हटलं, जेवण जास्त झालं. रविवारी ते चर्चला आले नाहीत. सोमवारी सकाळी मी त्यांचा कोट घेऊन खोलीत गेले, तेव्हा उशीर झाला होता.

फिनलेने हात टेबलावर ठेवले होते, ते त्याने मांडीवर घेतले. खालच्या वाडीतली धाकटी बहीण रडायला लागली आणि थोरलीने तिला बाहेर नेलं. आत्या माझ्याकडे बघत होती. नंतर तिने इयनला सांगितलं, "फोन आण. अॅबर्डीनचा नंबर लाव."

"आत्या, आत्ता? पाहुणे..."

"मी त्याची सहा वर्षांची नववर्षाची पत्रं न फोडता चुलीत घातली आहेत, इयन. आत्ता लाव."

ती फोन घेऊन झोपायच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, विचारणारही नाही. मी टेबलावरचे वाडगे उचलले आणि धुवायला घेतले. पुसायला कुणी आलं नाही. पाहुणे शेजारच्या खोलीत जाऊन बसले.

आत्या बाहेर आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते. ती माझ्याजवळ आली नाही. दारातूनच म्हणाली, "त्याला कधी कळलं का? केनेथला?"

"नाही," मी म्हटलं. "शेवटपर्यंत त्यांना वाटत होतं की माझ्या हाताला चव आहे."

ती मान हलवत राहिली. मग म्हणाली, "मी बोलावीपर्यंत या घरात येऊ नकोस." मी बरं म्हटलं, हात पुसले आणि निघाले. रस्त्याला लागेपर्यंत कुणी खिडकीशीसुद्धा आलं नाही.

आज डोनी पत्रं फाटकाच्या पेटीत टाकून गेला, थांबला नाही. म्हणजे इथवर पोहोचलं. दुकानात बोलणं थांबतं आणि मी बाहेर पडले की पुन्हा सुरू होतं. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. तुझं नाव निघालं की ते सहा वर्षं असंच थांबत होतं.

पुढच्या सोमवारपासून मला आठवड्यातून तीनदा रक्त गाळायच्या यंत्रावर बसवणार आहेत. मार्सलीला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मीच तेव्हा फडताळ उघडून बघायला हवं होतं." मी तिला म्हटलं, तुम्ही विचारलं होतं, मी खोटं बोलले, यात तुमचा काही दोष नाही. तरी जाताना ती आपली वही इथेच विसरली आणि अर्ध्या रस्त्यातून परत आली.

काल वाटेत इयनची बायको भेटली. थांबायला तयार नव्हती, पण एवढं सांगून गेली की आत्याने तुझा लहानपणचा फोटो पुन्हा भिंतीवर लावलाय आणि तुला ऑगस्टमध्ये बोलावलंय. त्या घरात आता तुझं नाव घेतात. माझं घेत नाहीत.

ऑगस्टमध्ये आलास तर आत्याकडे जाणारी गाडी या घरावरून जाते, तेवढंच सांगते. तू थांबशील म्हणून मी दारात उभी राहणार नाही. उत्तर पाठवायची गरज नाही.

मर्डिना